चीकवाली बाई

आख्ख्या मुळशी तालुक्यात शास्त्रज्ञ लोकांत उठबस असलेला गडी कोन, तर मी. लोकांत म्हंजे एकच शास्त्रज्ञ, तीबी माझ्याकडं भाड्यानं राहायची, आन् माझ्यापेक्षा माझ्या म्हशीशी जास्त बोलायची.

वानखडे मॅडम. मूळ गाव यवतमाळकडं. पुन्याच्या अंगाला टेकडीमागं एक मोठी संस्था हाय, तितं त्या कामाला. अंगातल्या पेशी, जंतू आन् जंतूशी अंग कसं झगडतं, ह्याचं संशोधन. हे वाक्य मला तोंडपाठ हाय, कारन कुनी इचारलं की मी हेच सांगायचो. म्होरं कुनी म्हनलं, ‘म्हंजे नेमकं काय?’ की मला म्हशीला पानी दावायचं आठवायचं. शाळेचं म्हनाल तर मी दुसरीत दोनदा बसलो. तिसऱ्यांदा मास्तरच म्हनले, बबन्या, आता बाकडं तुझ्या नावावर करून दिऊ का?

माले गावात रस्त्याला लागून माझं घर. वर दोन खोल्या काढल्यात, शनवार-रईवारच्या पुनेकरांसाठी. मॅडम खोली बगाय आल्या तवा मी गिझर दावला, कमोड दावला, खिडकीतनं डोंगर दावला. त्यांनी डोंगराकडं बगितलंबी न्हाई. म्हनल्या, “गोठा कुठाय?”

गोठ्याच्या दारात त्यांनी पिशवीतनं बाटली काढली आन् आपल्या गमबुटावर जंतू मारायचं लाल पानी वतलं. माझी बायको मंदा दारातच हुबी. ती कुनाचं ऐकून घेत न्हाई, माझं तर न्हाईच न्हाई. म्हनली, “आमी काय घान हाय व्हय, बाई?”

“घाण मी आणते, ताई. रोज चार गोठे फिरते. तुमच्या म्हशीला माझ्यापासून जपते.”

मंदा गप झाली. लग्नाला यवढी वर्सं झाली, तिला गप करायची ही तऱ्हा मला घावली न्हवती. मग मला वाटलं आपुनबी कायतरी दावावं. म्हनलं, “आमची चंद्री लई गरीब हाय, बगा,” आन् तिच्या मागनं हात फिरवाय गेलो. चंद्रीनं शेनानं भरलेली शेपटी अशी हानली की माझं तोंड सारवून निगालं. मॅडम हसल्या न्हाईत. रुमाल पुढं केला आन् म्हनल्या, “महिन्याच्या आत व्यायची ही.” खोली नक्की झाली.

मानूस म्हंजे काडी. तेलानं चप्प केलेली येनी, चष्म्याच्या दांडीला दोरा बांधलेला. जेवायच्या हुब्यानं, भाकरी हातावर घिऊन, वर ठेचा. मंदानं ताट वाडलं तरी बसायच्या न्हाईत, जसं कोनीतरी आत्ता हाक मारनार हाय. बोलायच्या पुस्तकातलं मराठी. पन राग आला की यवतमाळ वर यायचं. ‘का’चं ‘काऊन’ झालं की समजायचं, आपली आता धडगत न्हाई.

त्यांना येकच गोष्ट पायजे व्हती. चीक. म्हैस व्याली की पहिलं दाट पिवळं दूध निगतं ते. त्यावरनं गावानं नाव ठेवलं, चीकवाली बाई. म्हनं, नव्या रेडकाच्या अंगात रोगाला अडवनारं कायबी नसतं. आई ते सगळं चिकातनं देती. मी डेअरीवर लोकांना समजावून सांगितलं, चिकात बारीक सैनिक असत्यात, ते जंतूला गोळ्या घालत्यात. मॅडमच्या कानावर गेलं.

“बबनभाऊ, सैनिक-बिनिक काही नसतं त्यात. गोचीड बघितलाय ना, चिकटला की सुटत नाही? तसं ते जंतूला चिकटतं. ह्या जंतूचं ह्यालाच, त्याचं त्यालाच. लढाई नाही, चिकटणं आहे नुसतं.”

“पन मॅडम, सैनिक म्हनलं की लोक ऐकत्यात.”

“ऐकतात, पण खोटं ऐकतात.”

चंद्री व्याली. आता आमच्याकडची रीत सांगतो. रेडकामागनं जी पिशवी पडती तिला आमी वार म्हनतो. वार पडूस्तवर रेडकाला आचळाला लावायचं न्हाई. आधी पाजलं तर वार वर चढती, म्हशीला धोका, असं बापजाद्यापासनं. वार कधी दुपारी पडती, कधी सांजच्याला. तवर रेडकू दाव्याला. वार पडली की पहिला चीक गावदेवीला, मग भावकीत घरोघर खरवस, मग उरलं तर रेडकाला. चंद्रीचंबी तसंच केलं. मी खरवसाची वाटी घिऊन रुबाबात वर गेलो. वेलची, जायफळ घालून मंदानं वड्या पाडल्या व्हत्या.

मॅडमनी वाटीकडं बगितलं. “रेडकाला पाजलं?”

“पाजू की. वार पडली दुपारी.”

“व्याली कधी?”

“सकाळी.”

वाटी त्यांनी माझ्या हातात परत दिली. “हे ज्याचं आहे त्याला द्या.”

आमच्यात खरवसाला न्हाई म्हननं म्हंजे तोंडावर दार लावनं. मंदा फनफनत वर आली. मॅडमनी भांडन केलं न्हाई. खाली येऊन आमच्या सैपाकघरातली पिठाची चाळन मागितली, आन् पडवीतलं माझं मासं धरायचं जाळं. भातुकलीगत सगळं मांडलं.

“रेडकू जन्मतं तेव्हा त्याचं आतडं असं असतं.” जाळं दावलं. “आतड्याच्या पेशी सगळं गिळतात, जसंच्या तसं. चिकातलं ते चिकटणारं अख्खं रक्तात जातं. तास जातील तसं आतडं असं होतं.” चाळन दावली. “आणि उद्या असं.” मंदाचं पातेलं पालथं घातलं. “मग कितीही चीक पाजा, पोटात पचून जातो. रक्तात एक थेंब नाही. हे दार का बंद होतं, पेशीत आत कोण सांगतं बंद कर म्हणून, तेच मी शोधते.”

मी म्हनलं, “म्हंजे आमी पातेल्यावर चीक वततो व्हय?”

“हो.”

मंदानं चाळन हिसकून घेतली, ओट्यावर ठिवली आन् गोठ्यात गेली. चंद्रीचं ते रेडकू पंधरवड्यात हगवनीनं गेलं. टोनगा व्हता, टोनग्याला कोन रडतंय. पन त्यानंतर आमच्या गोठ्यात मंदा कुनाला थांबू दिना. रेडकू पडलं की पुसून काढायचं आन् थेट आचळाला. वार पडायची तवा पडायची, कधीच वर चढली न्हाई. मग मॅडम खरवस खायाला लागल्या. हुब्यानंच, पन तीन-तीन वाट्या.

हळूहळू अर्धं माले आयकू लागलं. मॅडम गमबूट घालून, बर्फाची पेटी घिऊन फिरायच्या. माझ्या फटफटीवर मागं. रेडकाच्या मानेतनं रक्त काढायच्या, मेलं असलं तर आतड्याचा तुकडा कापून बर्फात घालायच्या. मेल्यावर लई घाई करायच्या. पेशी मेल्या की सांगत न्हाईत, म्हनायच्या. आता कुनाचं रेडकू मेलं आन् घटकेत ही बाई सुरी घिऊन दारात, तर मानसं काय म्हनत्याल? म्हनायचीच. बाई येती आन् रेडकू मरतं. मी सांगायचो, उलट हाय, रेडकू मरतं आन् बाई येती. लोक हसायचे. मला वाटायचं पटलं.

येकदा बर्फाची पेटी उचलाय मीच त्यांच्या संस्थेत गेलो. मॅडमनी मला दुर्बिनीखाली आतडं दावलं. म्हनल्या, “काय दिसतंय?” म्या म्हनलं, “मॅडम, काळी झाडी दिसतीया, वाऱ्यानं हलतीया.” बाजूची पोरं टेबलावर पडून हसली. माझ्याच पापन्या व्हत्या त्या, आन् हे गावभर मीच सांगत फिरलो.

तेवढ्यात त्यांचे मोठे सायेब आले. सायेब कडक इस्त्रीचे, पन बोलायला सभ्य. मी झाडीतनं डोकं काढूस्तवर त्यांचं सुरू झालं.

“वानखडे, वेळेवर चीक मिळालेल्यांचं रक्त आहे आपल्याकडे. उशिरा मिळालेल्यांचं कुठंय?”

“सर, मी गेले की लोक वेळेवर पाजतात.”

“तुम्ही सांगता म्हणून पाजतात. सांगू नका. आपण दवाखाना चालवत नाही. त्यांच्या पद्धतीनं होऊ द्या, तुम्ही गप्प बसून रक्त घ्या, मेलं तर आतडं घ्या. तुलनेला काही नसेल तर हे संशोधन नाही, समाजसेवा आहे. दिवाळीपर्यंत मिळालं नाही तर तुमची जागा पुढं चालू ठेवता येणार नाही मला.”

येताना चांदनी चौकाच्या म्होरं मी म्हनलं, “सायेब कसाई दिसतोय.”

“नाही हो. बरोबर बोलतो तो.” फटफटीच्या आवाजात त्या मागनं वरडून सांगत व्हत्या. दार बंद व्हायच्या येळचं आतडं बगितल्याबिगर बंद कोन करतं ते कळनार न्हाई. ते कळलं तर दार अर्धा दिवस जास्त उघडं ठिवता यील. “मग तुमचं गाव वार पडेपर्यंत थांबलं तरी रेडकू वाचेल, बबनभाऊ. गावाला बदलायची गरजच नाही. पण त्यासाठी आधी काही रेडकं उपाशी बघावी लागतील.”

मी म्हनलं, “टोनगं बगा मग. टोनगं तसंबी कोन जगवतंय?”

पौड येईस्तवर त्या बोलल्या न्हाईत. मला वाटलं झोप लागली.

भादव्यात माझा चुलतभाऊ शांताराम ह्याची म्हैस अडली. शांताराम रीतीचा मानूस. ‘बाईनं बगावं, पन तोंड उघडू नये,’ ह्या बोलीवर त्यानं गोठ्यात घेतलं. मॅडमनी मान हलवली. मी इचार केला, बरं झालं, सायबांचीबी बोली हीच हाय, दिवाळी तोंडावर आली.

दुपारी पारडी झाली, मादी रेडकू. मॅडम घमेलं पालथं घालून कोपऱ्यात बसल्या, हातात रक्ताची नळी. पारडी धडपडली, पडली, उठली. उठल्यावर आईकडं निगाली तर दाव्यानं मागं वढली. परत गेली, परत वढली. म्हैस मान वळवून वळवून हंबरत व्हती. शांतारामची बायको चा घिऊन आली, तो तसाच निवला. मी गमती सांगत व्हतो. शांताराम हसत व्हता. पारडीनं भिताडालाच तोंड लावलं, चोखाय लागली. चुन्याचं भिताड ते.

मॅडम उठल्या. मला वाटलं रक्त घ्याय उठल्या. सरळ गेल्या आन् दावं सोडलं.

“वो बाई, काय ठरलंय आपलं?” शांताराम आडवा गेला.

“बांधलं काऊन तिला, बाप्पा? काऊन बांधलं? तिचंच हाय ते.” त्यांनी शांतारामला बाजूला सारलं. काडीयेवढी बाई, शांताराम हा यवढा. का सरला त्यालाच ठावं. पारडी आचळाला लागली. मॅडम तितंच शेनात बसल्या. रिकामी नळी खिशात घातली. मी म्हनलं, मॅडम, रक्त? त्यांनी माझ्याकडं असं बगितलं की मी चा प्यालो, निवलेला.

वार पडली न्हाई. कधी कधी न्हाई पडत, पाजा न्हाईतर न पाजा. लोंबत व्हती. मॅडमनी बजावलं, हात लावू नका, वडू नका, डॉक्टर येतोय. सरकारी डॉक्टर ताम्हिनीकडं अडकला व्हता, सकाळी येतो म्हनला. शांतारामनं तिन्हीसांजंला रीतच केली. वारंला जुना जोडा बांधला आन् जोड्यात धोंडा घातला. वजनानं तुटली. अर्धी भाईर, अर्धी आत. डॉक्टरनं आल्याबरूबर कपाळाला हात लावला, सगळ्यांदेखत सांगितलं की तोडल्यामुळं आत सडनार हाय. आठवड्यात म्हैस गेली. दहा-बारा लिटरची म्हैस.

गावदेवीच्या देवळात बैठक बसली. शांताराम रडला. म्हनला, बाईनं आधी पाजलं म्हनून वार अडकली. जोड्याचं कुनी नावबी काढलं न्हाई, कारन जोडा परतेकाच्या गोठ्यात टांगलेला हाय. ठरलं की चीकवाल्या बाईला कुनी गोठ्यात घ्यायचं न्हाई. बायका बैठकीला नसत्यात, न्हाईतर मंदा बोलली असती.

मी उठलो. आयुष्यात पयल्यांदा मी गंमत करायला उठलो न्हवतो. म्हनलं, “मंडळी, जरा ऐका,” आन् तेवढ्यानंच पार कडंपतुर हशा पिकला. कोन म्हनलं, बबन्या उठला रं, चा सांगा. कोन म्हनलं, झाडी दावतोय आता. मी म्हनलं, मी खरं बोलतोय. मग तर शांतारामबी हसला, रडता रडता. मला हात जोडून म्हनला, “बबन्या, तू हायेस म्हनून बरं वाटतं बग.” मी खाली बसलो.

दिवाळीच्या आधीच मॅडम गेल्या. सायबांचा फोन आला व्हता, त्या फोनवर नुसतं ‘बरं’ म्हनल्या. मंदानं शिदोरी बांधली. त्या बसल्या आन् जेवल्या, ताटावर. तवा मला कळलं की आता खरंच जात्यात.

गोठे बंद झाले ते त्यांच्यापुरतेच. फुडल्या साली संस्थेतनं येक तरना मुलगा आला, तसलीच बर्फाची पेटी घिऊन. लई गुनी. कोपऱ्यात बसायचा, मोबाइल बगायचा, येळ झाली की रक्त घ्यायचा. मेलं की आतडं घ्यायचा. हूं की चूं न्हाई. शांताराम त्याला खुर्ची द्यायचा. सायबांचं काम झालं म्हनं, भाईरदेशात नाव झालं. दार बंद करनारा सापडला का काय, ठावं न्हाई. आमच्या गोठ्यापतुर कायबी आलं न्हाई.

आता तर येक टेम्पोवाला येतो. चीक इकत घेतो, दुधाच्या कैक पट भाव. त्याची पावडर करून शहरात डब्यात इकत्यात, मानसांची ताकद वाडाय. वार पडूस्तवर थांबायचंबी कारन उरलं न्हाई. पडू न पडू, पयली धार किटलीत. देवीलाबी आता साध्या दुधाचा निवेद.

मॅडम मला परवा दिसल्या. पिरंगुटला सिग्नलला. पशुखाद्याच्या कंपनीची जीप, दारावर हसनाऱ्या गाईचं चित्र, आत मॅडम. केस कापलेले, चष्म्याचा दोरा गेलेला. मी फटफटी आडवी घातली, मागचे शिव्या द्याय लागले.

“मॅडम, वळखलं का?”

“बबनभाऊ.” हसल्या. “मंदाताई?”

“हाय, शिव्या देती. मॅडम, शांतारामची ती पारडी, तुमी सोडलेली, म्हैस झाली. तिच्या बरूबरीची कैक गेली, ही जगली. शांताराम सांगत फिरतो, माझ्या घरची पैदास. मागच्या पंधरवड्यात व्याली.”

मॅडमचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता खाली उतरत्यात. “हो? आणि पाजलं?”

“न्हाई. बांधलं. चीक टेम्पोत गेला. रेडकू चार दिसांत मेलं.”

उजेड गेला. “तुम्ही नव्हता तिथं?”

“व्हतो की. मी म्हनलं शांतारामला, अरं सोड त्याला, पिऊ दे, ह्याची आई अशीच जगलीया. लई येळा म्हनलं. तो हसतच राह्यला, मॅडम. त्याला वाटलं मी गंमतच करतोय.”

सिग्नल सुटला. डायवरनं गेर टाकला. मॅडमनी काच वर घेता घेता माझ्याकडं बगितलं. पुस्तकातलं मराठी कुटं गेलं कुनास ठाऊक.

“जिनगीभर गंमतच केली नं तुम्ही. आता खरं बोलले तरी कोनाले समजन?”